पावडीवरचा पाय

"बूट काढा, सायेब!"

बाळाबाईच्या तोंडून ते इतक्या जोरात निघालं की हातातल्या ताटलीतले कप एकमेकांवर आपटले. कोर्टानं नेमलेले कमिशनर राजकुमार वकील एक पाय मागाच्या खड्ड्यात सोडून दुसरा उचलण्याच्या बेतात होते. ते तसेच थबकले.

"काय झालं?"

"बूट घालून उतरू नकासा. आमच्यात मागाच्या खड्ड्यात पायतान घालून कोन उतरत न्हाय."

राजकुमार वकील ओशाळले. त्यांनी पाय वर घेतला, फळीवर बसून नाड्या सोडल्या, मोजे बुटांत कोंबले आणि पांढरेफटक पाय खाली सोडले. बेळगावच्या वडगावातल्या त्या घराची पुढची खोली अर्धी मागानंच अडवलेली होती. सासऱ्याच्या हातचा खड्डामाग. त्यावर विणणं कधीच बंद पडलं होतं, पण खड्डा शेणानं सारवलेला, कोरडा ठणठणीत होता. मागाला टेकून बाळाबाईचं सुताच्या कांड्या भरायचं चाक होतं. शेजारच्या पॉवरलूमच्या शेडसाठी ती दिवसभर कांड्या भरायची.

"ह्या पावड्या," ती पुढं होऊन सांगू लागली. "डावी दाबली की निम्मं सूत वर, उजवी दाबली की उरल्यालं निम्मं. मदनं धोटा पळतोय. आता सूत न्हाय लावल्यालं, न्हाय तर दाखवलं असतं."

कमिशनरांनी दोन्ही पावड्या दाबून बघितल्या. रिकामा माग कुरकुरला. त्यांना गंमत वाटली असावी, कारण त्यांनी पुन्हा एकदा दाबल्या.

"आणि हे बुटांचं? थंडीतसुद्धा कोणी घालत नाही?"

"न्हाय बा."

"तुमच्याच घरात, की सगळ्यांच्यात?"

"सगळ्यांच्यात. खंडेनवमीला पावड्यास्नी हळदकुंकू लावतो की आमी. त्येच्यावर चप्पल कशी ठेवायची?"

"परशरामही तसंच?"

"ह्येनी?" बाळाबाईला हसू आलं. घरात परक्या माणसासमोर नवऱ्याचं कौतुक करायची संधी तिला लई दिवसांनी मिळाली होती. "ह्येनी तर मला कांड्या द्यायला सुदीक चपला घालून जवळ येऊ द्यायचं न्हाईत. मेलं तरी बूट घालायचं न्हाईत."

राजकुमार वकिलांनी मान हलवली. त्यांनी लिहून काही घेतलं नाही. चहा घेतला, साखर बेताची आहे म्हणून बरं वाटलं असं म्हणाले, पाय पुसायला फडकं मागितलं आणि बूट घालून निघाले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या स्वरूपा वकिलीणबाईंनी मात्र चहाला तोंड लावलं नव्हतं. त्यावर साय धरली होती.

कमिशनरांची गाडी गल्लीच्या टोकाला वळली तशी स्वरूपा म्हणाली, "मावशी, बसा जरा. एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. माझं चुकलं."

---

परशरामला सात वर्षांची शिक्षा झालेली. पॉवरलूमच्या शेडमध्ये सुपरवायझरशी बाचाबाची झाली, परशरामनं त्याला ढकललं, तो मागं लोखंडी तुळईवर पडला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दगावला. ढकलण्यात मारायचा हेतू नव्हता हे कोर्टानं मानलं, पण माणूस गेला तो गेलाच. परशरामनंही शिक्षेबद्दल कधी कुरकुर केली नाही. त्या सुपरवायझरच्या घरासमोरून जायचं नको म्हणून बाळाबाई आजही बाजाराला मागच्या गल्लीनं जाते.

निपाणीच्या वाटेवर, हायवेपासून आत, सोनारहट्टीचं जेल आहे. तिथं कैद्यांकडून हातमागावर टॉवेल आणि चादरी विणून घेतात. पिढीजात विणकर मिळाला म्हटल्यावर परशरामला पहिल्याच आठवड्यात मागावर बसवलं. त्यालाही ते बरं वाटलं. आत गेल्यावर हात कशात तरी गुंतलेला बरा.

अडचण जमिनीची होती. जेल तळ्याच्या अंगाला, सखल भागात. आषाढ लागला की जमिनीतलं पाणी वर येतं आणि जिथं खणलेलं असेल तिथं साचतं. मागाचे खड्डे खणलेलेच होते. सकाळी कैदी बादल्यांनी पाणी उपसायचे, जेवणाच्या सुटीपर्यंत ते पुन्हा घोट्यावर यायचं. दिवसभर पाय पाण्यात. कातडी आधी पांढरी पडते, फुगते, मग बोटांच्या बेचक्यात चिरते. धडधाकट माणसाचं ते दसऱ्यापर्यंत भरून येतं. परशरामला साखरेचा आजार होता. जेलच्या कंपाउंडरनं मलम दिलं. मलम लावलेला पाय पुन्हा पाण्यात. पहिल्या पावसाळ्यात डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळं पडलं आणि काढावं लागलं. दुसऱ्या पावसाळ्यात करंगळी गेली.

कायदा सेवेच्या शिबिराला स्वरूपा जेलात गेली होती. शिबिर कैद्यांच्या जामिनासाठी होतं. परशराम रांगेत लंगडत आला तेव्हा तिनं जामिनाचं सोडून पायाचं विचारलं. त्यातून धारवाडच्या हायकोर्टात रिट याचिका दाखल झाली. खड्ड्यांतलं पाणी कायमचं काढा, आठवड्यातून एकदा डॉक्टर पाठवा आणि गेलेल्या बोटांची भरपाई द्या, अशा तीन मागण्या. शिक्षा तुरुंगाची झाली आहे, पायाची नाही, असं स्वरूपानं बाळाबाईला तेव्हा समजावलं होतं. एवढं वाक्य बाळाबाईनं गल्लीत बऱ्याच जणींना सांगितलं होतं.

कमिशनर जेलचे खड्डे आधीच बघून आले होते; विणकर मागावर कसा बसतो ते बघायला म्हणून आज घरी आले. आता स्वरूपा फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

"सरकारनं उत्तर दिलंय. त्यांचं म्हणणं, आम्ही सगळ्या विणकर कैद्यांना गमबूट दिले होते. इतरांनी घातले, परशरामनं घातले नाहीत. म्हणजे बोटं गेली ती पाण्यानं नाही, त्याच्या हट्टानं."

बाळाबाईनं साय धरलेला कप उचलून ताटलीत ठेवला.

"मी परशरामना विचारलं होतं. ते म्हणाले, बूट मापाचे नव्हते. तसं मी कोर्टात लिहून दिलं. आणि आज कमिशनरसमोर तुम्ही..."

"मी म्हटलं, मेलं तरी घालायचं न्हाईत."

"हो."

चाकाशेजारी सुताचा गुंता पडला होता तो बाळाबाईनं उचलला. उगीचच सोडवू लागली.

"मग आता?"

"आता ते म्हणतील, एका गोष्टीत खोटं बोललाय म्हणजे सगळंच खोटं. अर्ज फेटाळा. मग पाणी आहे तिथंच राहील."

"पाणी तर हाय की. सायबांनी बगितलंय न्हवं?"

"बघितलंय."

"मग?"

स्वरूपा फाइलची नाडी बांधू लागली. ती बेळगावच्या कोर्टात सहा-सात वर्षंच काढलेली मुलगी, खोटं बोलायची सवय अजून अंगी मुरली नव्हती. जाताना ती उंबऱ्यात थांबून म्हणाली, "एक करता येईल. तुम्ही प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणायचं, ही चाल सासऱ्यांच्या काळातली, जुन्या माणसांची. नवरा पाळत नव्हता. आज बोलण्याच्या ओघात तोंडून निघून गेलं. मी मसुदा करून ठेवते. सोमवारी या. विचार करून या."

---

जेलात भेट शनिवारी असते. बाळाबाई निपाणीच्या बसनं फाट्यावर उतरली, तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या रिक्षानं जेलपर्यंत गेली. रांगेत तिच्या पुढं बायाक्का होती. बायाक्काचा नवरा यमनाप्पा परशरामच्या शेजारच्या मागावर बसायचा. तो जातीचा विणकर नव्हे, आत येऊन शिकलेला.

"काय गं, केस कुटवर आली?" बायाक्कानं विचारलं.

"चाललीया."

"बघ बाई. आमचं हे म्हनत्यात, परशराम अण्णाच्या नादानं सायबाचं डोळं आमच्यावर झाल्यात. बूट घातला असता तर कशाला एवडं रामायन?"

म्हणजे बुटांचं सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या तिलाच नव्हतं.

भेटीच्या खिडकीला जाळी, आणि जाळीखाली छातीपर्यंत भिंत. पलीकडं परशराम येऊन उभा राहिला तेव्हा नेहमीसारखाच दिसला, जरा वाळलेला. खिडकीतून माणूस वरचा अर्धाच दिसतो. चालताना खांदा कसा खाली जातो तेवढ्यावरून पायाचा अंदाज करायचा.

"बूट दिलतं काय तुमाला?" तिनं आल्या आल्याच विचारलं.

"कुनी सांगितलं?"

"दिलतं काय, ते सांगा."

"दिलतं."

"मापाचं?"

परशरामनं मागं उभ्या असलेल्या शिपायाकडं बघितलं. "मापाचंच व्हतं."

"मग वकीलबाईस्नी खोटं का सांगितलासा?"

"काय सांगू मग त्या पोरीला? शिकल्याली बाई. मागाला पाया पडतोय म्हनून बूट घातलं न्हाय म्हनू? हसली असती."

"आनि मी न्हाय हसत!" बाळाबाईचा आवाज चढला. शेजारच्या खिडकीतली बाई वळून बघू लागली. "माग कुनाचा हाय त्यो? आपला हाय? सरकारचा माग, सरकारचं सूत, सरकारचं टावेल. त्येच्यापायी दोन बोटं घालवलासा. घरात असता तर गोष्ट येगळी. हितं कोन बघाय आलतं?"

"माग कुनाचा बी असू दे. बसनारा मी हाय न्हवं?"

"मोटं आलं बसनारं!"

"आनि बुटातनं पावडी कळत न्हाय, बाळे." त्याचा आवाज खाली आला. "यमन्या घालतोय. दोन्ही पावड्या एकदम दाबतोय, सूत तुटतंय, शिव्या खातोय. त्येला चालतंय. त्येनं कवा आयुष्यात चांगलं कापड काडलंय? मला म्हाईत हाय पावडी कशी कळती. त्ये बी सोडलं तर हितं मी करतोय काय? दिवस मोजतोय?"

बाळाबाईचा राग उतरला नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"माझ्या तोंडानं घात झाला," ती म्हणाली. आणि कमिशनर घरी कसे आले, खड्ड्यात पाय कसा सोडला, आपण काय ओरडलो, ते सगळं तिनं सांगितलं.

परशराम ऐकत राहिला. मग त्याच्या खांद्यांना हादरे बसू लागले. बाळाबाई घाबरली. तो हसत होता.

"कोर्टाच्या सायबाला बूट काडाय लावलीस?"

"हसतासा काय? केस गेली आपली."

"आनि काडलं त्येनं?"

"काडलं की. मोजं बी काडलं."

"पांडरं पाय आसतील न्हवं? उन्हात कवा न गेल्यालं?" तो पुन्हा हसला. शिपाईही गालात हसला आणि मग त्यानं घड्याळाकडं बोट केलं.

"ती वकीलबाई कागद करायलीया," बाळाबाई घाईघाईनं म्हणाली. "तुमी चाल पाळत न्हवता असं मी लिवून द्यायचं. सई करू काय? तुमी सांगा."

"मी सांगून तू कवा ऐकलीस?"

"आवो, चेष्टा नको. सांगा."

परशराम जाळीला कपाळ टेकून क्षणभर उभा राहिला. "माझं मी खोटं बोललोय, त्ये मी निस्तरतो. वकीलबाईला सांग, परशराम म्हनतोय बूट मापाचं व्हतं. तुझं तू बघ."

---

परतीच्या बसमध्ये बाळाबाईला खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर उसाच्या फडांत पाणी उभं होतं. आपण असतो तर बूट घातले असते का, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होती. पायापेक्षा माग मोठा नाही, हे सरळ होतं. बोट गेलं तर परत येत नाही, हेही सरळ होतं. मग ती मनातल्या मनात जेलच्या त्या खड्ड्याच्या काठावर बसायची, बुटाचा पाय पावडीवर ठेवायला जायची, आणि पाय काही खाली जायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिली ओळख करून दिली ती मागाची. माणसांची नंतर. ते तिनं कधी मुद्दाम शिकून घेतलं नव्हतं, म्हणून विसरताही येत नव्हतं.

आणि तरीही नवऱ्याचा राग काही केल्या जाईना. हत्तरगीच्या घाटापर्यंत गेला नाही, बेळगाव आलं तरी गेला नाही.

सोमवारी खडेबाजारातल्या माडीवरच्या ऑफिसात स्वरूपानं मसुदा मराठीत वाचून दाखवला. बाळाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"सगळंच खोटं नाही, मावशी. जुन्या माणसांची चाल आहे, हे खरंच आहे की."

"ह्येनी पाळत न्हवतं, हे खोटं हाय."

"तुम्हाला सही केलीच पाहिजे असं नाही. पण केली नाही तर काय होईल, ते मी सांगितलंय. तिथं अजून दहाबारा जण पाण्यात बसतात."

"त्येच तर." बाळाबाईनं खिडकीबाहेर बघितलं. खालून भाजीवाल्याची ओरड येत होती. "बाई, त्यो सायेब भला मानूस. मी सांगितलं म्हनताना त्येनी बूट काडलं. का म्हनून इचारलं न्हाय, आदी काडलं, मग इचारलं. आता त्येनाच कागद धाडायचा, मी बोलल्यालं खरं न्हवं म्हनून? मला न्हाय जमायचं."

स्वरूपानं कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"आनि ह्येनी सांगितलंय, बूट मापाचं व्हतं म्हनून. तसं लिवा म्हनालेत."

"त्यांनी असं सांगितलं?" स्वरूपानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे मला कोर्टात उभं राहून सांगावं लागणार की मी आधी दिलेलं चुकीचं आहे."

"व्हय. रागवतील काय तुमच्यावर?"

"रागावतील."

"मग नको म्हनता काय?"

"नाही," स्वरूपा म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता, आणि बाळाबाई जिना उतरताना कठडा धरून उतरली. आपण एका वाक्यानं बिघडवलं आणि आता दुसऱ्यानं पुरतं बुडवलं, असंच तिला वाटत होतं. नवऱ्याचा उरलेला पाय, यमनाप्पाचे पाय, ज्यांची नावंही तिला ठाऊक नाहीत त्यांचे पाय, सगळे तिच्या पदरात घातल्यासारखे.

---

धारवाडला हायकोर्टात ती पहिल्यांदाच गेली. एवढं स्वच्छ सरकारी आवार तिनं आधी बघितलं नव्हतं. त्यांचं काम पुकारलं गेलं आणि बाळाबाई पदर सावरून सरळ बसेपर्यंत निम्मं झालंही. बोलणं इंग्रजीतून चाललेलं, मधूनच कानडी. तिला कानडी समजायचं, तेवढंच तिच्या वाट्याला येत होतं.

स्वरूपा बोलताना एकदा न्यायमूर्तींनी भुवया वर केल्या आणि काहीतरी विचारलं. स्वरूपानं मान खाली घालून उत्तर दिलं. सरकारी वकील उठून उभा राहिला, हातवारे करत बोलला, "बूट" एवढा शब्द तीनदा कळला. मग न्यायमूर्तींनी कमिशनरांचा अहवाल पुढं ओढला आणि कानडीत विचारलं, "ಈಗ ನೀರು ಇದೆಯೋ ಇಲ್ಲವೋ?" पाणी आता आहे की नाही?

सरकारी वकील म्हणाला, आहे, पण बुटाच्या उंचीपेक्षा कमी आहे.

न्यायमूर्ती काहीतरी म्हणाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग ते बोलत गेले, खाली बसलेला माणूस टाइप करत गेला, आणि पुढचं काम पुकारलं गेलं.

बाहेर झाडाखाली स्वरूपानं सगळं उलगडून सांगितलं. कमिशनरांनी अहवालात दोन्ही लिहिलं होतं. बूट दिले होते, ते न घालण्याची चाल त्या समाजात खरोखर आहे, आणि कैद्याच्या पत्नीनं ते न विचारता सांगितलं. शिवाय घरी येऊन गेल्यावर ते पुन्हा जेलला गेले होते आणि तिथल्या खड्ड्यात स्वतः अनवाणी उतरून बसले होते. अर्ध्या तासात पायांना काय झालं तेही त्यांनी लिहिलं होतं. कोर्टानं हुकूम केला, पाणी निघेपर्यंत त्या खड्ड्यांत कोणालाही बसवायचं नाही, बूट असोत वा नसोत. पाण्याची कायमची व्यवस्था करायची. डॉक्टर दर आठवड्याला.

"आनि बोटांचं?"

"भरपाई इथं मिळणार नाही. बूट नाकारले होते, त्यामुळं चूक कोणाची हा वाद आहे, त्यासाठी खाली वेगळा दावा करा, म्हणाले. वर्षं लागतील." स्वरूपानं फाइल पिशवीत घातली. "खोटं लिहिलं म्हणून मला चार शब्द ऐकवले. ते बरोबरच होतं."

"म्हंजे जितलो का हारलो?"

"पाणी निघेल, मावशी."

बाळाबाईनं डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. दोघींनी झाडाखालीच खाल्लं.

---

पाणी लगेच निघालं नाही. जेलनं सोपा मार्ग काढला, विणकामाची शेडच कुलूप घालून बंद केली. कैद्यांची मजुरी थांबली. पुढच्या शनिवारी रांगेत बायाक्कानं बाळाबाईला गाठलं.

"तुज्या नवऱ्याचं पाय कोरडं झालं. आमचं हात कोरडं झालं त्येचं काय?"

बाळाबाईनं ऐकून घेतलं. बायाक्काचं खोटं नव्हतं. स्वरूपानं पुन्हा अर्ज केला, पुन्हा तारखा पडल्या. दिवाळीनंतर शेडभोवती चर खणला गेला, खड्डे बुजवून जमिनीवरचे उभे माग आले आणि शेड उघडली. यमनाप्पा पुन्हा टॉवेल विणू लागला. बायाक्का एका शनिवारी सरकली आणि बाळाबाईला बाकावर जागा करून दिली.

परशरामला मात्र मागावर घेतलं नाही. डाव्या पायाची जखम भरत नव्हती, जोर देणं बंद होतं. त्याला विणलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं. आता सूत कसं तुटतंय ते तो लांबूनच ऐकायचा.

"यमन्या सुधारला काय?" बाळाबाईनं एकदा विचारलं.

"कशाचा! तरी परवा एक टावेल बरा काडला. मी बोललो त्येला. शेफारला."

पौषात नव्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि परशरामला तपासणीसाठी बेळगावच्या सरकारी दवाखान्यात आणलं. स्वरूपानं बाळाबाईला फोन करून कळवलं. ती पोचली तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बसला होता, शेजारी हवालदार. मधे जाळी नव्हती, भिंत नव्हती. डावा पाय नुकताच धुतलेला, उघडा, बाकावर लांब केलेला. नर्स पट्टी आणायला आत गेली होती.

बाळाबाईनं तो पाय पहिल्यांदाच बघितला.

तो तिला वाटला होता तेवढा भयंकर नव्हता. लहान वाटत होता, एवढंच. अंगठा आणि दोन बोटं, आणि मग एकदम उतार. उताराच्या कडेला जखम गुलाबी होती. कडा सुकत आलेल्या.

"किती बघतीस?" परशराम म्हणाला. "दिष्ट लागंल."

ती बाकाच्या टोकाला बसली आणि तिनं पाय उचलून मांडीवर घेतला.

"आगं, काय करतीस? मानसं बघत्यात."

"बघू द्यात."

"ओलं ठेवू नका, डॉक्टरनं सांगिटलंय," हवालदार मधेच म्हणाला. तो कानडी वळणाचं मराठी बोलत होता. "बोटांच्या मदी कोरडं पायजे."

बाळाबाईनं पदराचं धुतलेलं टोक घेतलं. अंगठा आणि पहिलं बोट, त्यांच्यामधली जागा तिनं टिपून घेतली. मग पुढची. पाणी राहिलंय का ते बोट फिरवून बघितलं, पुन्हा टिपलं. परशरामनं मान फिरवली होती आणि तो समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडं बघत होता. शेवटच्या बोटापलीकडं काही नव्हतं, तिथंही तिनं जखमेला न लागता पदर फिरवला. जिथं बेचकी असायची, तिथं.

हवालदार खुर्ची जराशी वळवून दाराकडं तोंड करून बसला. थोड्या वेळानं बाहेर हॉर्न वाजला.

"आक्का, गाडी आली."

"व्हय," बाळाबाई म्हणाली. पण पाय तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही.